पडद्यामागची पेन्सिल

शेपूच्या रश्शाचं एक ताट. बटाटे संपलेले, अंडं अर्धं उरलेलं, रस्सा काठाला सुकून पिवळा पडलेला.

*

दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. टोक सुईसारखं.

*

एक जुना विनोद. मतदानाच्या दिवशी पडद्यामागे गेलेल्या माणसाला तिथे काय दिसलं? स्वतःच्या मुलाचा कॉलेजने नाकारलेला अर्ज.

*

सांस्कृतिक भवनाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरश्यांचे खाणकामगार आहेत. तिघांपैकी एकाचा डोळा गळून पडलाय. गावातली पोरं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, हा कॉम्रेड डोळा मारतोय.

*

"तुमचं कधी आटपणार?" नवरीचा भाऊ दारात उभा राहून विचारतो. त्याच्या दोन्ही हातांत पांढरे फुगे. संध्याकाळी हॉल लग्नाला दिलेला आहे.

*

"सिग्नल खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, आणि बहुतेक वेळा चांगल्या कारणासाठीच बोलतो." हे वाक्य ओटमार बेझ्दीचेक नव्या पोरांना शिकवायचा. रेल्वेच्या अपघात-तपासणीत त्याचं उभं आयुष्य गेलं. खोट्या अहवालावर त्याने कधी सही केली नाही. एकदा वरून फोन आला होता, तेव्हाही नाही. त्यापायी त्याची बढती गेली. बायकोने त्याला बोल लावला, आणि शेजाऱ्यांना तीच गोष्ट अभिमानाने सांगत फिरली.

*

डिंकाची एक कागदी पट्टी. तिच्यावर पक्षाचा शिक्का.

१. शून्य

स्टेजवर यार्मिला पेश्कोवा उभी राहिली आणि हॉलमधल्या खुर्च्यांची कुरकूर थांबली. यार्मिला मतमोजणी समितीची प्रमुख. राखाडी स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आवाज जिल्हा परिषदेत सूचना वाचणाऱ्यासारखा. पक्षाची मोजणी म्हणजे यार्मिला, हे इतकी वर्षं चालत आलेलं की दुसऱ्या कुणाचं नाव कुणाला सुचतही नसे.

"पक्षाच्या अध्यक्षपदी," ती म्हणाली, "थोड्या मतांच्या फरकाने, कॉम्रेड हेडविका सोखोरोवा निवडून आल्या आहेत."

टाळ्या झाल्या. फार नाही, पण झाल्या. पहिल्या रांगेत मावळता अध्यक्ष ह्रुबेश दोन्ही हात काठीवर ठेवून बसला होता. त्याने टाळी वाजवली नाही, पण मान हलवली. हेडविका उठली आणि तिने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं ते ओटमारकडे. ती त्याच्या मेलेल्या मित्राची मुलगी. तिचं नाव सुचवणारा ओटमारच. संसदेतून पक्ष हद्दपार झाला, कार्यालयाचे दोन मजले भाड्याने गेले, सभेला येणाऱ्यांत काठ्या जास्त आणि माणसं कमी झाली, तेव्हा तोच म्हणाला होता, "ही पोरगी तेवढी उरलीय."

"अवैध चिठ्ठ्या," यार्मिलाने शेवटची ओळ वाचली, "एकही नाही."

ओटमारने चटकन वर पाहिलं.

त्या एका ओळीवर त्याला कळलं की निकाल खोटा आहे. कसं कळलं, हे त्याने त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही, आणि पुढेही नाही.

तेवढ्यात कुणीतरी त्याची बाही ओढली. स्वयंपाकीण ब्लाजेना. हात ओले, अंगाला कांद्याचा वास.

"साहेब, तुम्ही त्या तपासणीवाल्यांपैकी ना? जरा आत या. ताटाला काहीतरी चिकटलंय. मला भीती वाटते बाई, शिक्काबिक्का आहे त्याला."

२. ताटाखाली

ताट उपडं होतं, बाजूला त्यातलं शेपूच्या रश्शाचं खरकटं आणि अर्धं अंडं. बुडाला एक कागदी पट्टी चिकटलेली, डिंक ओला होऊन पुन्हा सुकलेला. पट्टीवर पक्षाचा शिक्का.

सकाळी मतदान संपल्यावर पेटीच्या फटीवर अशीच एक पट्टी सगळ्यांसमोर चिकटवली होती. मग जेवणाची सुट्टी झाली. जेवणानंतर पेटी स्टेजवर आणली, पट्टी शाबूत असल्याचं दाखवलं, सगळ्यांसमोर ती फाडली. ती फाटकी पट्टी अजून स्टेजवरच्या टेबलावर पडली होती. ओटमारने आत येताना पाहिली होती.

मग ही दुसरी कुठली?

उत्तर एकच होतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी पेटी उघडली होती आणि नवी पट्टी लावून ती बंद केली होती. जुनी पट्टी घाईत टेबलावर पडली. कुणीतरी तिच्यावर ताट ठेवलं. ताट धुवायला गेलं.

"हे ताट कुणाचं?" ओटमारने विचारलं.

"मला काय ठाऊक! सगळ्यांना मांसाचा गुलाश होता. शेपूचा रस्सा मी दोनच माणसांपुरता केला. एक ताट म्हाताऱ्या अध्यक्षांचं, त्यांना सांधेदुखीमुळे मांस चालत नाही. दुसरं मागितलं कुणीतरी. खिडकीतून हात आला, ताट गेलं. मी कांदा चिरत होते साहेब, डोळ्यांतून पाणी. कुणाचा चेहरा बघू?"

"बाईचा हात की पुरुषाचा?"

"भुकेला हात होता. एवढंच सांगते."

ओटमार हॉलमध्ये परतला. हेडविका त्याच्याचकडे येत होती, हातात निकालाचा अहवाल. त्यावर तपासणी समितीचा प्रमुख म्हणून त्याची सही लागणार होती. ती झाली की निकाल पक्का. ती नाही झाली तर निकालच नाही. मग कोर्टकचेऱ्या, दोन गट, दोन शिक्के, आणि उरलासुरला पक्ष त्या भांडणात संपणार.

"ओटमारकाका, सही करताय ना? बस थांबलीय लोकांची."

"लग्नवाले आत येईपर्यंत थांब," तो म्हणाला. "तेवढा वेळ दे."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

"अजून माहीत नाही," ओटमार म्हणाला. हे अर्धं खरं होतं.

३. सेक्रेटरी

सेक्रेटरी लुबोर तिखाव्स्की मागच्या जिन्यात सिगारेट ओढत होता. पन्नाशीच्या आतला, या पक्षात म्हणजे तरुण पोर. डिंकाच्या कोऱ्या पट्ट्या, शिक्का मारलेल्या, त्याच्या बॅगेत असत.

"पट्ट्या? बॅगेत आहेत. बॅग खुर्चीवर होती, कुलूप नाही. आपण कॉम्रेड ना, आपण एकमेकांची चोरी कशाला करू?" तो हसला. एकटाच हसला.

"जेवणाच्या सुट्टीत तू कुठे होतास, लुबोर? टेबलावर नव्हतास."

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"गाडीत. फोनवर."

"कुणाशी?"

लुबोरने सिगारेट कठड्यावर विझवली. मग एकदम चिडून म्हणाला, "दुसऱ्या पक्षाशी. झालं समाधान? महापालिकेच्या यादीत मला चौथा नंबर देतायत ते. तुमच्या हेडविकाने निवडून यावं की त्या इजिप्तच्या ममीने राहावं, मला त्याचं काय! पुढच्या महिन्यात मी इथे नाही. पेटी उघडायला माणसाला आधी पेटीत काहीतरी हवं असावं लागतं, बेझ्दीचेक. मला त्या पेटीतलं काही नकोय."

ओटमारने त्याच्यावर विश्वास ठेवला. इतकं लाजिरवाणं खोटं कुणी सहसा बोलत नाही.

"हेडविकाला सांगितलंस?"

"तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती."

४. ह्रुबेशची उत्तरं

(प्रश्न लिहिण्याची गरज नाही. म्हाताऱ्याने ते ऐकलेच नाहीत.)

"बस इथे. नाही, या बाजूला. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. उजव्यानेही येत नाही, पण लोकांना बरं वाटतं."

"हरलो. मग काय? बायको मेली तेव्हा जास्त हरलो होतो."

"हो, शेपूचा रस्सा. ब्लाजेनाच्या हाताला चव आहे. अंडं खाल्लं, बटाटे खाल्ले आणि पावाने ताट असं पुसून घेतलं की ते धुवायचं कामच उरलं नाही. अरे, आम्ही युद्धानंतरची पोरं. आम्ही देव टाकला, पण ताटात कधी टाकलं नाही."

"सुट्टीत? इथेच. उठायला दोन माणसं लागतात मला. पेटी उघडायला किती लागतात?"

"बघ ओटमार, मला जिंकायचं असतं तर मी स्वतःला जिंकवलं असतं ना? मी केलंय ते पूर्वी, मला येतं. मीच उघडली असती तर आज हरलो असतो का?"

"सकाळभर मी इथेच बसलो होतो. याच खुर्चीत, पडद्याच्या समोर. पडद्याकडे जाणाऱ्याला माझ्यापुढून जावं लागत होतं. बिचारे. माझी नजर अधू झालीय, पण ते त्यांना कुठे माहीत!"

"तू? तुझं काय विचारू? तू तर तिचाच माणूस."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. ओटमार उठला. अर्धं अंडं ताटात टाकणारा माणूस हा नव्हता. आणि म्हाताऱ्याच्या शेवटच्या वाक्यातला काटा ओटमारला लागला होता.

५. पडदा

पडदा म्हणजे लाकडी चौकटीला लावलेलं हिरवं कापड. हॉलच्या एका कोपऱ्यात, खिडकीपाशी. मागे एक फळी ठोकलेली आणि दोऱ्याला पेन्सिल.

नियम साधा आहे. चिठ्ठीवर दोन नावं. नको ते पडद्यामागे जाऊन खोडायचं. दोन्ही नावं तशीच ठेवून टाकलेली चिठ्ठी अवैध. पक्षात अशा चिठ्ठीला 'मुकी' म्हणतात, आणि मुक्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत असं कुठलं मतदान नाही. जुन्या काळी चिठ्ठीवर एकच नाव असे. खोडायचं काही नसे. मिळाली की घडी घालून सगळ्यांदेखत पेटीत टाकायची. पडद्याकडे वळणारा लक्षात ठेवला जाई. तो काळ गेला, पक्षाची सत्ता गेली, संसदेतली बाकं गेली. म्हाताऱ्यांच्या हाताची सवय तेवढी राहिली.

ओटमारने पेन्सिल उचलली.

सकाळी त्यानेच ती तासून ठेवली होती, ब्लाजेनाच्या भाजी चिरायच्या सुरीने. टोक अजून बोटाला टोचत होतं. हॉलभर माणसांनी वापरलेली पेन्सिल अशी राहत नाही. ही मूठभरांनी वापरलेली होती.

मग त्याने फळीवरून हात फिरवला. फळी जुनी, मधोमध आडवी भेग. या फळीवर चिठ्ठी ठेवून ओढलेली रेघ भेगेवर अडखळणारच.

स्टेजवर जाऊन त्याने मोजलेल्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या आणि खिडकीच्या उजेडात एकेक धरून पाहिली. थोड्या चिठ्ठ्यांवर रेघ मध्येच दचकली होती, कागद खोलगट झाला होता. बाकी चिठ्ठ्यांवर रेघ गुळगुळीत, एकाच तिरकेपणाची, बसून, चांगल्या टेबलावर ओढल्यासारखी. बऱ्याच जणांनी खिशातलं पेन वापरलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण या सगळ्या रेघा पेन्सिलीच्या होत्या, बोथट पेन्सिलीच्या.

चिठ्ठ्या कुणी बदलल्या नव्हत्या. कुणीतरी मुक्यांना बोलायला लावलं होतं.

दारात फुगे दिसू लागले होते.

६. यार्मिला

स्टेजमागच्या नटांच्या खोलीत ती बसली होती. सुट्टीत पेटी याच खोलीत होती. तीन आरसे, एक गुळगुळीत टेबल, शेजारी स्वयंपाकघराची खिडकी.

"बाकीचे दोघं मोजणीवाले सुट्टीत कुठे होते?" ओटमारने विचारलं.

"गुलाश खायला पाठवले. गरम आहे तोवर खा म्हटलं."

"आणि तू?"

"मी? मला जेवायला वेळ कुठे! पेटीवर कुणी थांबायला नको?"

ओटमार तिच्या समोरच्या स्टुलावर बसला. "यार्मिला, तुझ्या स्वेटरच्या बाहीला शेपू लागलाय."

तिने बाहीकडे पाहिलं. हिरवी काडी सुकून चिकटली होती. ती तिने नखाने काढून टेबलावर ठेवली.

"अर्धं अंडं टाकलंस," ओटमार म्हणाला. "तू कधी अन्न टाकत नाहीस. म्हणजे खाता खाता पेटी उघडलीस, आणि मग घास गेला नाही."

"मी ती चोरायला उघडली नाही."

"मग?"

"सकाळभर रांग बघत होते ना रे मी. पेटीजवळ बसून. पडद्यामागे किती जातात ते मला दिसत होतं. एक जायचा. मग पाच-सहा जण सरळ पेटीकडे. मग परत एक. त्या थेरड्यासमोरून जायची कुणाची छाती होत नव्हती. मला वाटलं, खिशातल्या पेनाने जागेवरच खोडलं असेल. मनाला म्हटलं, एकदा बघून घेऊ, म्हणजे जीव शांत होईल."

"आणि?"

"निम्म्याहून जास्त कोऱ्या." तिने चष्मा काढला. "भांडून फाडलेल्या नाहीत. शिवी लिहिलेली नाही. एखादी शिवी तरी हवी होती, ओटमार! शिवी म्हणजे माणूस जिवंत असतो. नुसत्या कोऱ्या, छान घडी घातलेल्या. आपल्या माणसांना ना तो हवा होता, ना ती. त्यांना फक्त चिठ्ठी टाकून गुलाशच्या रांगेत जायचं होतं."

बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं. एक, दोन. एक, दोन.

"ते मी स्टेजवरून वाचायचं?" यार्मिला म्हणाली. "दाराशी वार्ताहर उभा. उद्या सगळ्या देशाने हसायचं, की म्हाताऱ्यांना मत देता येत नाही? लुबोरच्या बॅगेतून पट्टी आणली. पेन्सिल माझ्या पर्समध्ये असतेच. ज्यांनी खोडलं होतं त्यांच्यात पोरगी थोडी पुढे होती. मी तेच पुढे चालवलं, त्याच प्रमाणात. मी कुणाला जिंकवलं नाही. पक्ष श्वास घेतोय एवढं दाखवलं."

"थोड्या मुक्या ठेवायच्या होत्यास. नेहमी असतात."

ती हसली. ते हसू बघवत नव्हतं. "हात थांबला नाही रे. एक झाली, दुसरी झाली, मग वाटलं, एकही नाही म्हटलं की किती छान दिसेल. आपल्याकडे आकडा नेहमी छानच दिसायचा ना! तीच सवय. ते त्यांच्या सवयीने कोऱ्या टाकून गेले, मी माझ्या सवयीने भरून टाकल्या." ती एकदम पुढे झुकली. "पण तुला कसं कळलं? पट्टी नंतर सापडली. मी स्टेजवरून तुझा चेहरा पाहिला. 'एकही नाही' म्हटलं, आणि तू पांढरा पडलास. तेव्हाच कळलं होतं तुला."

"रेल्वेतली सवय," ओटमार म्हणाला. "फार चांगला आकडा दिसला की मी रूळ बघायला जातो."

"खोटं बोलतोस," यार्मिला म्हणाली. पण तिने पुढे विचारलं नाही.

७. सही

हॉलमध्ये लग्नवाले खुर्च्या गोल मांडत होते. नवरीच्या भावाने स्टेजवरचा लाल झेंडा काढून नीट घडी घातली आणि विचारलं, "काका, हा कुठे ठेवू?" मग त्यानेच तो पियानोवर ठेवला.

ओटमारने हेडविकाला खिडकीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, ताट, पेन्सिल, फळी, यार्मिला. लुबोरचंही. ती ऐकत राहिली. तिचा बाप असाच ऐकायचा, जबडा आवळून.

"म्हणजे मला कुणी निवडलंच नाही," ती शेवटी म्हणाली.

"थोड्यांनी निवडलं. त्यांच्यात तू पुढे होतीस."

"थोड्यांनी." तिने अहवालाचा कागद खिडकीच्या कट्ट्यावर सपाट केला. "बाबा म्हणायचे, ओटमारने सही केली की गाडी खरंच त्याच रुळावरून घसरली असं समजावं. तुम्ही सही केली नाहीत तर मी समजेन, काका. मग आजच सगळ्यांना थांबवते आणि खरं सांगते. पुन्हा मतदान घेऊ."

"लोक बसमध्ये बसलेत."

"उतरवू."

"आणि पुन्हा कोऱ्या निघाल्या तर?"

तिने बाहेर पाहिलं. बसच्या खिडक्यांत टोप्या आणि पांढरे केस दिसत होते. एक म्हातारी सफरचंद सोलून शेजाऱ्याला फोड देत होती.

"निघतील, नाही का?" हेडविका म्हणाली. "पुन्हा कोऱ्याच निघतील." मग ती त्याच्याकडे वळली. आवाज लहान मुलीसारखा झाला होता, ती लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून रेल्वेचं इंजिन बघायची तसा. "एक सांगा. बाकीच्यांचं जाऊ दे. तुमचं मत तरी मलाच होतं ना?"

जन्मभर त्याने माणसांना हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता: ब्रेकवर हात होता की नव्हता? त्यांचे डोळे कसे बाजूला सरकतात ते त्याला पाठ होतं. म्हणून त्याने डोळे सरकू दिले नाहीत.

"हो," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. "मग एक तरी खरं आहे. त्यावर उभी राहीन मी. द्या सही, काका."

त्याने खिशातलं पेन काढलं. ते सकाळीही खिशातच होतं. कागदाखाली खिडकीचा कट्टा गुळगुळीत होता. सही कुठेही अडखळली नाही. हेडविकाने कागद घेतला, त्याचा सुरकुतलेला हात क्षणभर दाबला आणि ती बसकडे गेली. मागे वाद्यं सुरू झाली. दारात यार्मिला कोट घालून उभी होती. तिने ओटमारकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, आणि मग तिला कळलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

सकाळी मतदान सुरू झालं तेव्हा रांगेत पहिला ओटमार बेझ्दीचेक होता. त्याने चिठ्ठी घेतली, तशीच घडी घातली आणि पडद्याकडे न वळता सरळ पेटीत टाकली.